पाच गुण मिळाले, आता वर्ग कुठला?

हायस्कुलात असतानाच कॉलेजच्या पातळीवर द्यायच्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षांचे, एक ते पाच या मापावरचे, निकाल जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लागतात आणि अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये तोच वाद नव्यानं सुरू होतो. मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेजला निघालेली असते. कॅल्क्युलस बीसीमध्ये (कॅल्क्युलसच्या दोन परीक्षांपैकी वरची) पाच, फिजिक्स सीमध्ये पाच, केमिस्ट्रीत चार. आता पहिल्या सेमिस्टरला गणित कुठलं घ्यायचं, सायन्स कुठलं घ्यायचं? न्यू जर्सीतलं एडिसन असो की कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट, शनिवारी चार घरं जेवायला जमली की दोन तट पडतात. "अगं, पाच आहेत ना तुला, मग तेच परत कशाला? सरळ पुढचं घे. सेमिस्टर वाचेल, पैसे वाचतील." त्यावर दुसरीकडून मावशी, "काकांचं ऐकू नकोस. सगळं पहिल्यापासून घे, पायाही पक्का होईल आणि पहिल्याच वर्षी जीपीए (ग्रेडची सरासरी) पुरेपूर चार." दोघंही मुलीच्या भल्यासाठीच बोलतात, पण दोघांच्या बोलण्यात एका गोष्टीची चौकशीच नसते. पुढच्या कोर्सच्या पहिल्या दिवशी प्राध्यापक काय गृहीत धरणार आहेत, आणि त्यातलं हिला आज काय येतं?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. क्रेडिट आणि कोर्सची निवड हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते वेगळेच घ्यायला हवेत. क्रेडिट हा पदवीसाठी धरल्या जाणाऱ्या, केलेल्या अभ्यासाचा हिशेब आहे. विद्यापीठ देत असेल तर ते बिनदिक्कत घ्यावं. कुठल्या वर्गात बसायचं हे मात्र मागच्या परीक्षेच्या गुणांवर सोडू नये. ते पुढच्या कोर्सच्या गरजेवरून ठरवावं, आणि प्रत्येक विषयासाठी स्वतंत्र ठरवावं. एवढं साधं असूनही हे घडत नाही, याचा दोष मुलांपेक्षा पालकांकडे आणि पालकांपेक्षा विद्यापीठांकडे जास्त जातो.

ही परीक्षा मुळात कशासाठी जन्माला आली ते पाहिलं तर "पुढे जा" म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम दिसते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अँडोव्हर, एक्झिटर आणि लॉरेन्सव्हिल या तीन नामांकित शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठं यांनी मिळून एक पाहणी केली. पैसा फोर्ड फाउंडेशनच्या निधीतून आला होता. हुशार मुलं शाळेत जे शिकून येतात तेच कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुन्हा शिकतात, त्यात त्यांचा वेळ जातो आणि उत्साहही मरतो, असं त्यांना आढळलं. १९५२मध्ये हा अहवाल आला, पुढे एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेनं योजना हाती घेतली आणि १९५६पासून त्यांच्या परीक्षा सुरू झाल्या. म्हणजे पुनरावृत्ती टाळणं हाच या खटाटोपाचा उगम. आधीच येत असलेल्या विषयाच्या वर्गात अठरा वर्षांच्या मुलाला पंधरा आठवडे बसवलं तर त्याचा पाया पक्का होत नाही. लक्ष न देता पास होता येतं, एवढंच तो शिकतो. आणि ही सवय पुढच्या, खरोखर अवघड कोर्समध्ये त्याच्या अंगाशी येते.

पैशाचा मुद्दाही खोटा नाही. अमेरिकेत कॉलेजचा एक सेमिस्टर म्हणजे हजारो डॉलर. एपीची एक परीक्षा साधारण शंभर डॉलरमध्ये होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या शाखांमध्ये तीन किंवा जास्त गुणांना युनिट्स, म्हणजे क्रेडिटची एककं, मिळतात. इलिनॉयमध्ये तर सरकारी विद्यापीठांनी तीन गुणांना क्रेडिट दिलंच पाहिजे असा कायदा आहे आणि टेक्सासमध्येही त्याच धर्तीचा नियम आहे. ज्या घरात एकाच्या पगारावर दोन मुलं शिकतात, त्या घराला "शिक्षणाचा हिशेब पैशात करू नका" असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. युनिट्स जास्त असली की बऱ्याच ठिकाणी कोर्स नोंदणीला आधी नंबर लागतो, हाही फायदा खराच.

पण पैसे नेमके कुठे वाचतात? इंजिनिअरिंगला किंवा भौतिकशास्त्राला गेलेल्या मुलाची पदवी कोर्सच्या साखळीवर उभी असते. आधी कॅल्क्युलस, मग बहुचल कॅल्क्युलस, मग डिफरन्शियल इक्वेशन्स, त्यावर सर्किट्स किंवा फ्लुइड मेकॅनिक्स. क्रेडिटमुळे साखळीची पहिली कडी वगळता आली आणि दुसरी नीट पेलली, तर पैसे खरंच वाचतात. दुसरीत मूल नापास झालं किंवा त्यानं मध्येच कोर्स सोडला, तर पुढच्या सगळ्या कड्या एकेक सेमिस्टर मागे सरकतात. त्यातला एखादा कोर्स वर्षातून एकदाच शिकवला जात असेल तर वर्षच लांबतं. क्रेडिटनं वाचवलेला सेमिस्टर असा परत जातो, वर जीपीएचं नुकसान वेगळं. केवळ पैशाचा विचार करायचा म्हटलं तरी "मला पुढचा कोर्स झेपेल का" हा प्रश्न टाळता येत नाही.

मग पाच गुणांवरून ते कळत नाही का? काही प्रमाणात कळतं. बीसीच्या परीक्षेत पंचेचाळीस बहुपर्यायी प्रश्न आणि सहा लेखी प्रश्न असतात. जाहीर झालेल्या जुन्या परीक्षांचे हिशेब पाहिले तर शेकडा सत्तरपेक्षा कमी गुणांनाही पाच मिळत असत. अलीकडच्या वर्षांत बीसीला बसणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त मुलांना पाच मिळतात. म्हणजे पाच या एकाच आकड्यात विषय कोळून प्यालेली मुलगीही आहे आणि तीन प्रश्नांपैकी एक सोडून आलेला मुलगाही. दोघांना एकच सल्ला कसा लागू पडेल?

एक उदाहरण घेऊ. एक भागिले एक्सचा वर्ग, या फलाचं (फंक्शनचं) उणे एकपासून एकपर्यंत इंटिग्रल काढा. सूत्रावर हात बसलेला मुलगा क्षणात अँटिडेरिव्हेटिव्ह लिहितो, उणे एक भागिले एक्स. दोन्ही टोकांच्या किमती घालतो आणि उत्तर देतो उणे दोन. आता त्याला आलेख काढायला सांगा. फल सगळीकडे धन आहे, आलेख अक्षाच्या वरच आहे, मग त्याखालचं क्षेत्रफळ ऋण कसं? ज्याला हा प्रश्न स्वतःहून पडतो, त्याला शून्यापाशी फल अनंताकडे जातं आणि इंटिग्रलच अस्तित्वात नाही हे उमगतं. इम्प्रॉपर इंटिग्रल हा भाग बीसीच्या अभ्यासक्रमात असतोच, प्रश्नावर तसा शिक्का मारून दिला तर बहुतेकांना तो येतोही. पण पुढच्या कोर्समध्ये शिक्का मारून कोणी देत नाही. दुहेरी इंटिग्रल मांडताना प्रदेशाचं चित्र आधी काढायचं असतं, सूत्र त्यानंतर येतं. पाच मिळवलेली दोन मुलं तिथे वेगवेगळ्या वाटांनी जातात.

परीक्षा खोटी आहे असा याचा अर्थ नाही. ती ज्यासाठी बांधली आहे ते मोजते, आणि आपण तिच्याकडून भलतंच काही मोजून मागतो. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणत; आपल्याकडे ज्यांना आजही रँग्लर परांजपे म्हणतात, ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत संयुक्तपणे पहिले आले. साऱ्या हिंदुस्थानला त्याचा अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता. पण त्याच काळात केंब्रिजमध्ये या परीक्षेविरुद्ध असंतोष वाढत होता. वेगानं सोडवायची कूटं, क्रमांकाची शर्यत आणि त्या शर्यतीसाठी घोटून घेणारे खाजगी शिकवणीवाले यांत तरुणांची उमेदीची वर्षं जात होती, आणि पॅरिस किंवा गॉटिंगेनमध्ये घडत असलेलं नवं गणित त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. गणितज्ञ जी. एच. हार्डी स्वतः १८९८चे चौथे रँग्लर. या पद्धतीवर सगळ्यात कडाडून टीका त्यांनीच केली. १९०९मध्ये गुणानुक्रमाची यादी शेवटची वाचली गेली. रँग्लर झालेली माणसं बुद्धिमान होती याबद्दल कोणालाच शंका नव्हती. क्रमांक हेच शिक्षणाचं फलित मानलं गेलं, तिथे घोटाळा झाला.

हार्वर्डचे फिलिप सॅडलर आणि गेर्हार्ड सॉनर्ट यांनी अमेरिकेतल्या कॉलेजांतल्या कॅल्क्युलसच्या विद्यार्थ्यांचा मोठा अभ्यास केला. शाळेत कॅल्क्युलस घेण्याचा कॉलेजच्या कॅल्क्युलसमध्ये उपयोग होतो, असं त्यांना दिसलं. पण बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती आणि फलं या आधीच्या गणितावरच्या पकडीचा परिणाम त्याच्या दुपटीहून जास्त निघाला. २०१८मध्ये हे प्रसिद्ध झालं. नववी-दहावीपासून मुलांना वरच्या गणितात ढकलण्याची चढाओढ चाललेल्या आपल्या घरांत या निष्कर्षाची चर्चा फारशी होत नाही. मूल पुढच्या कोर्समध्ये अडखळतं तेव्हा बऱ्याचदा ते कॅल्क्युलसमध्ये अडखळलेलं नसतं. अपूर्णांकांची लांबलचक राशी सरळ करताना, किंवा त्रिकोणमितीतली समानता वेळेवर न आठवल्यानं ते थांबतं. असं असेल तर कॅल्क्युलसचा सबंध कोर्स परत घेऊन काय साधणार? त्याला सुट्टीतले तीन आठवडे आणि बीजगणिताची वही पुरते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ड्रॉइंग, वर्कशॉप, यंत्राची ओळख यांत ती बारावीहून आलेल्यांच्या पुढे असतात. त्यांचं वर्ष वाचतं ते योग्यच आहे, कारण तीन वर्षं त्यांनी घाम गाळलेला असतो. पण तिसऱ्या सेमिस्टरचं गणित, एम-थ्री, त्यांना गाठतं. लाप्लास ट्रान्सफॉर्म सुरू होतो तेव्हा प्राध्यापक एम-वन आणि एम-टू ही पहिल्या वर्षाची गणितं गृहीत धरतात आणि या मुलांनी ते त्या खोलीनं पाहिलेलं नसतं. म्हणून त्यांना परत पहिल्या वर्षाला बसवा असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. काही कॉलेजं त्यांच्यासाठी ब्रिज कोर्स घेतात, आणि तोच उपाय बरोबर आहे: सवलत पूर्ण द्यायची आणि नेमकी उणीव तेवढी भरून काढायची. एपीच्या बाबतीत हा साधा विचार आपल्याला का सुचत नाही?

यावर एक वजनदार आक्षेप आहे. कॉलेज बोर्डाच्या अभ्यासांनुसार एपीच्या जोरावर पुढच्या कोर्सला बसलेली मुलं तिथे कॉलेजमध्ये पहिला कोर्स करून आलेल्यांच्या बरोबरीनं किंवा थोडी सरस कामगिरी करतात. हे मी मान्य करतो. बीसीत चांगले पाच असतील तर पुढे जाणं हाच माझाही पहिला सल्ला असतो. पण ही सरासरी आहे, आणि ती पुढे जायचं ठरवलेल्या मुलांची आहे. ज्यांना आतून धास्ती वाटली ती बरीचशी आधीच मागे थांबलेली असतात. सरासरीवरून धोरण ठरवता येतं. समोर बसलेल्या एका मुलीनं काय करावं हे ठरवायला तिच्याकडेच पाहावं लागतं. उलट बाजूनं अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचं उदाहरण दिलं जातं. तिथल्या मानसशास्त्र विभागानं एपीत पाच मिळवलेल्या मुलांना आपल्या पहिल्या कोर्सची संक्षिप्त परीक्षा दिली आणि त्यातली नव्वद टक्के नापास झाली. २०१३मध्ये डार्टमथनं पदवीसाठी एपी क्रेडिट देणं बंद करण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हा हा दाखला बराच गाजला. कॉलेज बोर्डानं त्यावर हरकत घेतली, आणि मानसशास्त्रावरून कॅल्क्युलसबद्दल अनुमान काढणं मलाही पटत नाही. विषयागणिक गोष्ट बदलते, एवढं मात्र या दोन्ही पुराव्यांवरून दिसतं.

म्हणून विषयवार बोलू. गणितात बीसीचे पाच असतील तर बहुचल कॅल्क्युलस, आणि एबी या खालच्या परीक्षेचे पाच असतील तर दुसऱ्या सेमिस्टरचं कॅल्क्युलस, ही स्वाभाविक वाट. ती सोडायला ठोस कारण हवं. भौतिकशास्त्रात पालकांची सगळ्यात जास्त फसगत होते. फिजिक्स १ आणि २ या परीक्षा बीजगणितावर चालतात. इंजिनिअरिंगला लागतं ते कॅल्क्युलसवर आधारलेलं भौतिकशास्त्र, म्हणून त्या गुणांचं क्रेडिट मिळालं तरी बहुधा ते मुख्य कोर्सच्या जागी धरलं जात नाही. फिजिक्स सी त्या तोडीचं आहे, पण यांत्रिकी आणि विद्युतचुंबकत्व यांपलीकडे ते जात नाही. कॉलेजचा कोर्स लहरी आणि उष्णताही शिकवत असेल तर तेवढं राहूनच जातं. रसायनशास्त्रात आणि जीवशास्त्रात आणखी जपून पाऊल टाकावं. केमिस्ट्रीत चार-पाच असलेलं मूल पहिल्याच सेमिस्टरला ऑरगॅनिकमध्ये जाऊन बसतं तेव्हा विषयाचा पोतच बदललेला असतो, आकडेमोड मागे पडते आणि रेणूच्या रचनेवरून विचार करावा लागतो. मेडिकलला जायचं असेल तर प्रश्न आणखी निराळा. बऱ्याच मेडिकल कॉलेजांना एपीचं क्रेडिट एकतर चालत नाही, नाहीतर त्याच विषयाचा वरच्या पातळीवरचा कोर्स केलेला हवा असतो. तिथे नियम वाचल्याशिवाय काहीच ठरवू नये.

आता "सगळं परत घे" या सल्ल्याकडे येतो, कारण तो सावध वाटतो म्हणून त्याची तपासणीच होत नाही. अमेरिकेतल्या हायस्कुलांपैकी जेमतेम निम्म्यांत कॅल्क्युलस शिकवलं जातं, आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलं जास्त असलेल्या शाळांत तर त्याहूनही कमी ठिकाणी. अशा शाळेतून आलेली मुलगी कॉलेजच्या पहिल्या कॅल्क्युलसच्या वर्गात बसते. तो वर्ग मुळात तिच्यासाठीच आहे. शेजारी मात्र बीसीत पाच मिळवून, सोपा ए पदरात पाडून घ्यायला बसलेला आपला मुलगा असतो. प्राध्यापकानं प्रश्न विचारायच्या आत याचा हात वर. पहिल्या मिडटर्मला याला अठ्ठ्याण्णव, तिला एकसष्ट, आणि ग्रेड तुलनेनं दिले जात असतील तर हिशेब आणखी बिघडतो. ती मनाशी ठरवते, हे आपलं काम नव्हे. तिला कळतच नाही की शेजारचा हा विषय दुसऱ्यांदा शिकतो आहे. गणितापासून आणि इंजिनिअरिंगपासून अशी किती मुलं पहिल्याच सेमिस्टरला दूर जात असतील? आपल्या मुलाच्या जीपीएसाठी दुसऱ्याच्या मुलीनं ही किंमत मोजावी, हे मला पटत नाही. ज्या समाजानं वर्गातल्या मागच्या बाकाचा इतिहास पाहिला आहे, त्यानं तरी या बाबतीत जागरूक असायला हवं.

आणि ज्याला खरोखर पाया पक्का करायचा आहे, त्याच्यासाठी तिसरी वाट असते, जिचा आपल्या वादात उल्लेखही होत नाही. शिकागो विद्यापीठात ऑनर्स कॅल्क्युलस आहे. कॅल्क्युलस करून आलेल्या मुलांना तिथे तोच विषय व्याख्या आणि सिद्धता यांच्या अंगानं नव्यानं उलगडून दाखवतात. सीमा म्हणजे काय, सातत्य म्हणजे काय, हे प्रश्न शाळेत सूत्रांच्या घाईत मागे पडलेले असतात. इथे ते मुळापासून हाताळले जातात. ज्याला गणित किंवा भौतिकशास्त्र हाच विषय घेऊन पुढे जायचं आहे त्यानं अशा कोर्सचा विचार आधी करावा. त्यात काहीच वाया जात नाही, आणि सोपा ए तर मुळीच मिळत नाही.

निवड नीट व्हावी म्हणून काही विद्यापीठांनी बरं काही करून ठेवलं आहे. कॅलटेक एपीचं क्रेडिट देत नाही, मुलांची स्वतः चाचणी घेऊन त्यांची जागा ठरवतं. एमआयटीत बीसीच्या पाचला पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट मिळतं, पण एपी केमिस्ट्रीला मिळत नाही. तिथे हवं तर विद्यापीठाची स्वतःची परीक्षा देऊन कोर्स वगळता येतो. शिवाय एमआयटीत पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड नोंदवलेच जात नाहीत. पास झालात तर पास, नाहीतर त्या कोर्सची बाहेर दिसेल अशी नोंदच राहत नाही. या एका तरतुदीनं केवढा फरक पडतो! जीपीएची भीती गेली की मूल झेपेल त्या वरच्या वर्गात बसायचं धाडस करतं, आणि न झेपल्यास निमूटपणे खाली येतं. भीती असते तोवर सल्ला कितीही चांगला असला तरी तो मानला जात नाही.

पालक म्हणून जुलैत करण्यासारखं काम एकच आहे. ज्या कोर्सचं क्रेडिट मिळतंय, त्याचा त्याच विद्यापीठातला जुना फायनल पेपर मिळवावा. बऱ्याच विभागांच्या संकेतस्थळांवर तो असतो, नसला तर विभागाला ईमेल लिहावी. मुलीला तीन तास एकटीला बसू द्यावं, फोन बाजूला ठेवून. पेपर सुटला तर काकांनी आणि मावशीनं वाद थांबवावा आणि तिला पुढे जाऊ द्यावं. दोन प्रकरणं अडली तर ऑगस्टपर्यंत तेवढी दोन प्रकरणं करावीत. निम्मा पेपर कोरा राहिला तर कोर्स पहिल्यापासून घ्यावा, आणि त्यात लाज कसली? आपल्यापैकी बहुतेकजण बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश ठरणाऱ्या काळात वाढलो. गुण मिळाले म्हणजे त्या जागेवर हक्क आला, हा हिशेब आपल्या अंगात इतका मुरला आहे की मिळालेला हक्क न वापरणं आपल्याला हरल्यासारखं वाटतं. मुलांवर ते ओझं टाकायचं कारण नाही.

पण ज्या घरात कॉलेजला जाणारं हे पहिलंच मूल आहे, तिथे जुना पेपर शोधायचं कोणाला सुचणार? म्हणून ही जबाबदारी विद्यापीठांचीच आहे. कुठल्या गुणाला क्रेडिट द्यायचं यासाठी राज्यांनी कायदे केले आहेत. त्याच कायद्यांत आणखी तीन कलमं घालावीत. क्रेडिट मिळणाऱ्या प्रत्येक कोर्सचा मागच्या वर्षीचा फायनल पेपर निकालाच्या आधी, जूनमध्येच खुला करावा. एपीत तीन, चार आणि पाच मिळवून थेट पुढच्या कोर्सला बसलेल्या मुलांचं तिथे काय झालं, याचे विभागवार आकडे दरवर्षी छापावेत. आणि पहिल्या मिडटर्मपर्यंत वरच्या वर्गातून खालच्या वर्गात, किंवा खालच्यातून वरच्यात, जादा फी आणि गुणपत्रिकेवर शेरा न येता जाऊ द्यावं.